पळवलेले मूल आणि संथ चित्रपट

चित्रपट पाहून बाहेर पडलेल्या प्रेक्षकाला ‘कसा होता?’ असे विचारले, तर पुष्कळदा एका शब्दात निकाल लागतो : ‘स्लो आहे.’ हा निकाल बहुधा शिक्षेसारखा असतो. कौटुंबिक कथा संथ असली तर ती एक वेळ चालवून घेतली जाते. परंतु थरारपट संथ असणे म्हणजे चहा गार असण्यासारखे आहे, अशी आपली समजूत आहे. त्यातून विषय अपहरणाचा असेल तर विचारूच नका. मूल पळवले गेले आहे, खंडणीचा फोन आला आहे, घड्याळाचा काटा पुढे सरकतो आहे. अशा वेळी पडद्यावरील माणसे धावली पाहिजेत, गाड्या सुसाट सुटल्या पाहिजेत, असे आपण धरून चालतो. असे असताना काही चांगल्या दिग्दर्शकांनी नेमका हाच विषय घेऊन जाणूनबुजून संथ चित्रपट का काढले? हा संथपणा दोष आहे की त्यामागे काही प्रयोजन आहे? या प्रश्नाचा उलगडा करण्याचा प्रयत्न येथे केला आहे. मुख्य उदाहरण म्हणून अनुराग कश्यप यांचा ‘अग्ली’ हा हिंदी चित्रपट घेतला आहे. तो मुंबईत घडतो, त्यात मराठी कलावंतांच्या महत्त्वाच्या भूमिका आहेत, आणि त्यातील पोलीस ठाणे व तेथील माणसे आपल्याला परकी वाटत नाहीत.

हरण आणि अपहरण

आपल्या परंपरेला हरणाच्या कथा नव्या नाहीत. आपण विदर्भातील माणसे तर रुक्मिणीच्या माहेरची. वर्धा नदीच्या काठी, आज अमरावती जिल्ह्यात असलेले कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते. भावाने शिशुपालाशी लग्न ठरवले. रुक्मिणीने ब्राह्मणाहाती श्रीकृष्णाला पत्र धाडले. देवीच्या दर्शनाला गेलेली असताना श्रीकृष्णाने तिला रथात घेतले. संत एकनाथांनी ‘रुक्मिणी स्वयंवर’ रचून ही कथा मराठी घराघरांत नेली. मराठी रंगभूमीवर १८८२ मध्ये आलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत सौभद्र’मध्येही अर्जुन संन्याशाचे सोंग घेऊन सुभद्रेला पळवतो आणि प्रेक्षक मनोमन त्याच्या बाजूने असतो.

या दोन्ही कथांत रथ वेगाने धावतो आणि त्या वेगाचा आपल्याला आनंद होतो. कारण उघड आहे. ज्या व्यक्तीचे हरण होते तिचीच त्याला संमती आहे; तिला नको असलेल्या लग्नातून ती सुटते आहे. सीताहरणाची गोष्ट मात्र निराळी आहे. तेथे संमती नाही. हरणाचा प्रसंग थोडक्यात उरकतो आणि त्यानंतर काळ लांबत जातो. रावण सीतेला बारा महिन्यांची मुदत देतो आणि हनुमान अशोकवनात पोहोचतो तेव्हा त्यातील दोनच महिने उरलेले असतात. ‘मुदत’ हा शब्द येथे ध्यानात ठेवावा. ज्याला नेले आहे तो वाट पाहतो, ज्यांचे माणूस गेले ते शोधतात, आणि दोघांच्या मध्ये दिवस मोजले जातात. संमती नसलेल्या अपहरणाची खरी कथा या मोजलेल्या दिवसांत असते.

कायद्यानेही संमतीचा हा भेद ओळखला आहे. सज्ञान माणसाला जबरीने किंवा फसवून नेले तर तो गुन्हा. परंतु मुलाच्या बाबतीत त्याची स्वतःची संमती जमेसच धरली जात नाही. पालकाच्या ताब्यातून, पालकाच्या संमतीवाचून नेले की गुन्हा झाला. जुन्या भारतीय दंडसंहितेत यासाठी मुलगा १६ वर्षांखालील व मुलगी १८ वर्षांखालील अशी मर्यादा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत दोघांनाही १८ वर्षांची मर्यादा आहे. खंडणीसाठी पळवून जिवाची धमकी देण्याच्या गुन्ह्याचे ‘३६४-अ’ हे स्वतंत्र कलम दंडसंहितेत १९९३ मध्ये घातले गेले आणि त्याला जन्मठेप किंवा फाशीपर्यंतची शिक्षा ठेवली गेली. मुलाची संमती कायदा विचारात घेत नाही, याचा दुसरा अर्थ असा की त्याची सारी जबाबदारी मोठ्यांवर आहे. ‘अग्ली’ या चित्रपटाचा विषय हाच आहे.

टेबलाखालचा बॉम्ब

संथपणा आणि थरार यांचा संबंध आल्फ्रेड हिचकॉक या प्रसिद्ध दिग्दर्शकाने फार सोप्या उदाहरणाने समजावून दिला आहे. फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांनी घेतलेल्या त्याच्या मुलाखतींचे पुस्तक १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात ते येते. समजा, काही माणसे टेबलाभोवती बसून इकडच्या तिकडच्या गप्पा मारत आहेत आणि एकाएकी टेबलाखाली बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, त्याला पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. आता तोच प्रसंग असा दाखवा की टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो अमुक वाजता फुटणार आहे हे प्रेक्षकाला आधीच माहीत आहे, पण गप्पा मारणाऱ्यांना माहीत नाही. आता त्याच कंटाळवाण्या गप्पा जीवघेण्या वाटू लागतात. ‘अरे, गप्पा पुरे करा, उठा!’ असे आपल्याला ओरडावेसे वाटते. पंधरा सेकंदांच्या धक्क्याऐवजी पंधरा मिनिटांचा ताण मिळतो.

याचा अर्थ असा की ताण निर्माण होण्यासाठी पडद्यावर वेग असण्याची गरज नाही. प्रेक्षकाच्या मनात घाई असली आणि पडद्यावरची माणसे मात्र सावकाश वागत असली, तर त्या दोहोंतील अंतरामुळे ताण येतो. अपहरणाच्या कथेत तर बॉम्ब पहिल्या प्रसंगापासूनच टेबलाखाली असतो. मूल कोठेतरी आहे आणि प्रत्येक मिनिट त्याच्या जिवाशी बांधलेले आहे. आता मोठी माणसे त्या मिनिटांचे काय करतात, एवढेच दिग्दर्शकाने दाखवायचे असते.

याचा उत्कृष्ट नमुना म्हणजे जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा १९६३ चा ‘हाय अँड लो’. मूळ जपानी नावाचा अर्थ ‘स्वर्ग आणि नरक’ असा होतो. अमेरिकन लेखक एड मॅकबेन यांच्या १९५९ च्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. योकोहामा शहरातील टेकडीवर एका पादत्राण कंपनीतील बड्या अधिकाऱ्याचे, गोंडोचे, घर आहे. कंपनी ताब्यात घेण्यासाठी त्याने घरदार गहाण टाकून पैसा उभा केला आहे. नेमक्या त्याच वेळी फोन येतो : तुझा मुलगा आमच्या ताब्यात आहे, तीन कोटी येन दे. थोड्याच वेळात उलगडा होतो की गुन्हेगाराने चुकून गोंडोच्या मुलाऐवजी त्याच्या मोटारचालकाच्या मुलाला नेले आहे. खंडणीची मागणी मात्र कायम राहते. दुसऱ्याच्या मुलासाठी स्वतः कंगाल व्हायचे का?

चित्रपटाचा जवळजवळ पहिला तास एकाच दिवाणखान्यात घडतो. पाठलाग नाही, मारामारी नाही. गोंडो, त्याची पत्नी, मान खाली घालून उभा असलेला मोटारचालक आणि पोलीस, एवढीच माणसे. माणूस येरझारा घालतो, खिडकीचे पडदे ओढले जातात, फोन वाजतो. त्या तासात जो ताण येतो तो आगगाडीवरच्या पाठलागाने आला नसता. आणि पुढे आगगाडी येतेही! धावत्या एक्स्प्रेस गाडीच्या स्वच्छतागृहाची खिडकी जेमतेम सात सेंटीमीटर उघडते, त्यातून पैशाच्या बॅगा बाहेर टाकायच्या असतात. हा प्रसंग काही मिनिटांत विजेसारखा संपतो. आधीच्या तासाभराच्या संथपणाने आपल्याला त्या पैशाचे मोल कळलेले असते, म्हणूनच बॅगा खिडकीबाहेर पडताना पोटात कालवाकालव होते. मूल परत मिळते. गोंडो मात्र सर्वस्व गमावतो. जपानमध्ये १९६४ साली खंडणीसाठी अपहरणाच्या गुन्ह्याचे वेगळे कलम कायद्यात आले, यावरून त्या काळी तेथील समाजाला हा विषय किती जवळचा वाटत होता हे दिसते.

‘अग्ली’ : वेळ कोणाचा, किंमत कोणाची

कुरोसावांच्या चित्रपटात एक मोठा माणूस मुलासाठी स्वतःचा तोटा पत्करतो. ‘अग्ली’त नेमके याच्या उलट घडते. मे २०१३ मध्ये कान महोत्सवातील ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात तो प्रथम दाखवला गेला. पडद्यावर धूम्रपानविरोधी सूचना सक्तीने दाखवण्याच्या नियमाविरुद्ध दिग्दर्शकाने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितल्यामुळे भारतातील प्रदर्शन लांबले आणि २६ डिसेंबर २०१४ रोजी तो चित्रपटगृहांत आला.

कथानक थोडक्यात असे. राहुल हा धडपडणारा, नाव न झालेला नट. त्याचा घटस्फोट झालेला आहे. दहा वर्षांची कली ही त्याची मुलगी आईजवळ राहते. आईने, म्हणजे शालिनीने, शौमिक बोस या बड्या पोलीस अधिकाऱ्याशी लग्न केले आहे. राहुल आणि शौमिक हे कॉलेजातील जुने प्रतिस्पर्धी आहेत. ठरलेल्या दिवशी राहुल मुलीला भेटायला घेऊन जातो. वाटेत एका कामासाठी तो मित्राकडे वर जातो आणि मुलीला मोटारीत बसवून ठेवतो. खाली येऊन पाहतो तो मुलगी नाही. तिचा फोन एका फेरीवाल्याकडे दिसतो. तो पळत सुटतो, आणि पाठलागात वाहनाची धडक बसून मरतो. दुवा तेथेच तुटतो.

यानंतर येतो तो या चित्रपटातील सर्वांत गाजलेला प्रसंग. राहुल आणि त्याचा मित्र चैतन्य तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात जातात. समोर आहेत इन्स्पेक्टर जाधव. ही भूमिका गिरीश कुलकर्णी यांनी केली आहे. ‘वळू’ आणि ‘विहीर’ या चित्रपटांमुळे आणि ‘देऊळ’मधील अभिनय व संवाद यांच्यासाठी मिळालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांमुळे ते आपल्या परिचयाचे आहेत. आता खरे पाहता एकच गोष्ट विचारायला हवी : मुलगी कोठून, केव्हा गेली? परंतु जाधवांचे कुतूहल भलतीकडेच वळते. फोन वाजला की त्यावर माणसाचा फोटो कसा काय दिसतो? कास्टिंग डायरेक्टर म्हणजे नेमके काय काम करतो? प्रश्नामागून प्रश्न निघतात, टोमणे होतात, वेळ जातो. प्रेक्षक हसतो. आणि हसता हसता त्याच्या ध्यानात येते की आपण कशाला हसतो आहोत! टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण येथे जसेच्या तसे लागू पडते. जाधवांचा स्वभाव क्रूर नाही. रोजच्या कामाची सवय, समोरच्या बड्या बाता मारणाऱ्या माणसांविषयीचा आकस आणि थोडी मौज, एवढ्याने त्यांचा वेळ भरून गेला आहे. तो वेळ खर्च करतात जाधव. त्याची किंमत पडते मुलीवर.

हा प्रसंग वेगाने उरकला असता तर ‘पोलिसांनी टाळाटाळ केली’ एवढीच माहिती आपल्याला मिळाली असती. तो लांबवल्यामुळे टाळाटाळ म्हणजे काय हे आपण स्वतः सोसतो. माहिती सांगणे आणि अनुभव देणे यांतील हा फरक आहे.

पुढे तपास शौमिकच्या हाती जातो. आता तरी यंत्रणा हलेल असे वाटते. ती हलतेही, पण चुकीच्या दिशेने. जुन्या वैरामुळे त्याला राहुलच गुन्हेगार वाटतो. पोलिसांचे मनुष्यबळ, फोन ऐकण्याची साधने, कोठडी, मारहाण हे सारे एका जुन्या हिशेबाच्या वसुलीसाठी वापरले जाऊ लागते. मुलीची आई दुःखात आणि दारूत बुडालेली आहे. ही भूमिका तेजस्विनी कोल्हापुरे यांनी केली आहे. हळूहळू जवळच्याच माणसांना या संकटात पैसा दिसू लागतो. मुलगी ज्यांच्या ताब्यात नाही असे लोकच खंडणी मागू लागतात. आई आपल्या वडिलांकडून येणाऱ्या पैशात स्वतःच्या सुटकेची वाट पाहते. प्रत्येकाचे काहीतरी खरे दुःख आहे, प्रत्येकाची काही बाजू आहे. पण त्या गदारोळात कलीचे नाव उच्चारणारेसुद्धा कमी होत जातात.

आणि येथे दिग्दर्शकाने प्रेक्षकाला मोठ्या शिताफीने पकडले आहे. या माणसांच्या भांडणात, खोटेपणात, एकमेकांवर केलेल्या कुरघोडीत आपणही रंगून जातो. कोण कोणाला फसवतो आहे, हे शोधू लागतो. शेवटी मुलगी सापडते. ती जिवंत नसते. तो क्षण आला की आठवते : अरे, आपणही मघापासून तिला विसरलोच होतो! पडद्यावरील माणसांना आपण जो दोष देत होतो त्याचा एक वाटा आपल्या पदरात पडतो. ‘अग्ली’ म्हणजे कुरूप. हे विशेषण कोणाला लावायचे, याचे उत्तर चित्रपट प्रेक्षकावर सोडतो.

याच संदर्भात एक खरी घटना सांगण्याजोगी आहे. चित्रपट कानमध्ये दाखवला गेला त्याच महिन्यात, १० मे २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, आणि ते मूल पळवले गेले आहे किंवा त्याचा व्यापार झाला आहे असे गृहीत धरूनच तपास सुरू केला पाहिजे. ‘येईल घरी, नातेवाइकांकडे बघा’ असे म्हणून परत पाठवणे यापुढे चालणार नाही, असा त्याचा साधा अर्थ. जाधवांच्या टेबलापुढे जो वेळ वाया जातो, तो वाचवण्यासाठीच हा आदेश होता. चित्रपट आणि न्यायालय यांचा परस्परांशी काही संबंध नव्हता. पण दोघांनी बोट ठेवले ते एकाच जागी.

महामार्गावरचा थांबा

आपल्या जामच्या वाचकाला आणखी एक चित्रपट विशेष भिडेल असे वाटते. डच दिग्दर्शक जॉर्ज स्लुइझर यांचा १९८८ चा ‘स्पोरलूस’. इंग्रजीत तो ‘द व्हॅनिशिंग’ या नावाने ओळखला जातो. टिम क्राबे यांच्या १९८४ च्या छोट्या कादंबरीवर तो आधारलेला आहे. सुटीसाठी फ्रान्समध्ये निघालेले एक तरुण जोडपे महामार्गावरील पेट्रोल पंपावर थांबते. सास्किया काही पेये आणायला आत जाते आणि परत येत नाही. आरडाओरडा नाही, झटापट नाही. भर दुपारी, भर गर्दीत एक माणूस नाहीसा होतो. तिचा मित्र रेक्स पुढे तीन वर्षे तिचा शोध घेत राहतो.

जाम हे थांब्याचेच गाव आहे. नागपूरकडून येणारा महामार्ग येथून हिंगणघाट, पुढे हैदराबादकडे जातो आणि वरोरा, चंद्रपूरचा रस्ता येथूनच फुटतो. एस.टी. थांबते, ट्रक उभे राहतात, माणसे चहाला उतरतात, कोणी पाण्याची बाटली घेतो, कोणी मूल कडेवर घेऊन पाय मोकळे करतो. पाच मिनिटांनी गाडी सुटते. येणारा जाणाऱ्याला ओळखत नाही. अशा जागी माणूस हरवला तर तो कोणत्या रस्त्याने गेला हे कोण सांगणार? स्लुइझर यांनी ही साधी जागा निवडली यातच त्यांचे कौशल्य आहे. अंधारी गल्ली, पडका वाडा यांचे भय आपल्याला ठाऊक असते. ‘स्पोरलूस’ उजेडातले भय दाखवतो.

या चित्रपटात रहस्य फार लवकर फुटते. सास्कियाला नेणारा माणूस कोण, हे आपल्याला बऱ्याच आधी कळते : शाळेत शिकवणारा, बायको-मुलींवर माया करणारा एक चारचौघांसारखा गृहस्थ. तो गुन्ह्याची तयारी कशी करतो, किती वेळा फसतो, हे दिग्दर्शक निवांतपणे दाखवतो. रहस्य फोडूनही पकड सुटत नाही, कारण ‘कोणी केले’ या प्रश्नाची जागा ‘असे करणारा माणूस आपल्यात इतका सहज कसा वावरतो’ या प्रश्नाने घेतलेली असते. शेवट येथे सांगत नाही. ज्यांना पाहायचा आहे त्यांनी तो पाहावा.

आपल्यातलाच माणूस गुन्हेगार असू शकतो, हे महाराष्ट्राने याआधीच फार दारुण रीतीने अनुभवले होते. १९७६-७७ मध्ये पुण्याला हादरवणाऱ्या जोशी-अभ्यंकर खून प्रकरणातील आरोपी हे कलाशिक्षण घेणारे महाविद्यालयीन विद्यार्थी होते. त्या मालिकेची सुरुवातच एका सहाध्यायाच्या अपहरणाने झाली. आपण स्वखुशीने घर सोडून जात आहोत असे पत्र त्याच्याकडून लिहवून घेण्यात आले, नंतर त्याचा खून झाला आणि वडिलांकडे पैसे मागण्यात आले. साथीदारांपैकी एक जण माफीचा साक्षीदार झाला. चौघांना १९८३ मध्ये फाशी झाली. याच प्रकरणावर राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला ‘माफीचा साक्षीदार’ हा मराठी चित्रपट १९८६ मध्ये आला व त्यात नाना पाटेकर यांनी काम केले. त्या सहाध्यायाला नेणारे अनोळखी नव्हते, वर्गातलेच होते. म्हणूनच तो त्यांच्यासोबत गेला. ‘मुले पळवणारा’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे झोळी घेतलेला परका माणूस उभा राहतो. ही प्रतिमा किती फसवी आहे, ते या प्रकरणावरून कळावे.

कापलेला शेवट

ही फसवी प्रतिमा आणि चित्रपटातील वेग यांचा एकत्र परिणाम काय होतो, हे सांगितल्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. कराचीतील एका संस्थेने बालसुरक्षेच्या प्रचारासाठी एक छोटी चित्रफीत तयार केली होती. रस्त्यावर मुले खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलतात आणि निघून जातात. थोड्याच वेळात ते परत येतात, मुलाला सुखरूप सोडतात आणि एक फलक दाखवतात. मूल पळवायला क्षणभर पुरतो, लक्ष ठेवा, असा त्याचा आशय. कोणीतरी या फितीचा शेवट कापला. मुलाचे परत येणे गेले, फलक गेला. उरले ते फक्त उचलून नेणे. हा तुकडा ‘आपल्या भागात टोळी आली आहे’ अशा मजकुरासह २०१८ मध्ये भारतभर मोबाइलवरून फिरला. अशा अफवांनी देशात ठिकठिकाणी माणसे मारली गेली.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात, राईनपाडा येथे, आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. भिक्षेसाठी गावोगाव फिरणारी, सोलापूर जिल्ह्यातून आलेली ती माणसे होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारण्यात आले. तुम्ही कोण, कोठले, कागद दाखवा, असे विचारून उत्तराची खातरजमा होईपर्यंत कोणी थांबले नाही. जमावाच्या डोक्यात एक वेगवान थरारपट चालू होता. त्यात खलनायक आधीच ठरला होता, पाठलाग झाला होता, आणि शेवट करण्याचा अधिकार प्रत्येकाने स्वतःकडे घेतला होता.

त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतात यावर जो उपाय जाहीर केला तो विचार करण्यासारखा आहे : एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल. वेगाने बाधा केली, तिच्यावर उतारा म्हणून वेगच कमी करावा लागला.

येथे संथ चित्रपटाचे मोल कळते. ‘अग्ली’ पाहणाऱ्याला सुरुवातीला वाटते की तो पळालेला फेरीवालाच गुन्हेगार. त्याला पकडा, की संपले. पण तो मरतो आणि त्याच्याबरोबर मुलीचा ठावठिकाणाही जातो. संशयितामागे धावत सुटण्याची किंमत पहिल्या अर्ध्या तासातच दिग्दर्शक दाखवून देतो. पुढचा सारा चित्रपट मग एकच प्रश्न पुन्हापुन्हा विचारतो : मुलीसाठी कोण काय करते आहे? हा प्रश्न घाईने विचारता येत नाही. त्याला प्रत्येक माणसाजवळ थांबावे लागते.

अर्थात सरसकट सर्व संथ चित्रपट चांगले असतात असे मुळीच नाही. सांगण्यासारखे काही नाही म्हणून रेंगाळणारे चित्रपट पुष्कळ आहेत आणि त्यांना प्रेक्षकाने जो शब्द लावायचा तो खुशाल लावावा. पारख करण्याची एक साधी कसोटी सुचवता येईल. चित्रपट थांबलेला असताना आपल्या मनात काही चालू आहे का? कोणाचा तरी वेळ संपत चालला आहे याची जाणीव होते आहे का? होत असेल तर तो संथपणा कामाचा. होत नसेल तर ती दिग्दर्शकाची ढिलाई.

आजकाल आपण चित्रपट बहुधा मोबाइलवर पाहतो आणि कंटाळा आला की बोटाने दहा सेकंद पुढे ढकलतो. ही सोय वापरायला हरकत नाही. मात्र जाधवांच्या प्रसंगात ती वापरली तर आपण त्या प्रसंगाचा अर्थच कापून टाकतो; कराचीच्या त्या फितीचा शेवट ज्याने कापला त्याने याहून वेगळे काय केले? अपहरणाच्या चित्रपटात ते सोडून दिलेले दहा सेकंद त्या मुलाच्या वाट्याचे असतात. प्रत्यक्षात असा प्रसंग कधी समोर आला, एस.टी.च्या थांब्यावर एखादे मूल एकटे रडताना दिसले, किंवा एखाद्या अनोळखी माणसाभोवती गर्दी जमू लागली, तर दोन्ही वेळी दोन वेगवेगळ्या गोष्टी कराव्या लागतील. पहिल्या वेळी क्षणही न दवडता १०९८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करायचा. दुसऱ्या वेळी मध्ये उभे राहून लोकांना थांबवायचे, आणि तोच फोन करायचा. कोठे घाई करावी आणि कोठे थांबावे, हा विवेक ज्या कलाकृतीने थोडासा जरी शिकवला, तिला ‘स्लो आहे’ एवढ्या एका शब्दात निकालात काढू नये.